सत्तावन्नावे गाठोडे

केक निववण्यासाठी जाळीवर ठेवला की त्याच्या तळावर जाळीचे व्रण उमटतात, आणि ज्या केकच्या तळावर व्रण आहेत त्याला पहिले बक्षीस देता येत नाही, ही साधी गोष्ट विल्गा क्रीकच्या स्त्रियांच्या गळी उतरवायला मला सव्वीस वर्षे लागली. तेवढी वर्षे आमच्या वार्षिक कृषी प्रदर्शनात पाककला व हस्तकला विभागाची मुख्य परीक्षक मी होते. पांढरा कोट माझा, लाल पेन माझे आणि शेवटचा शब्दही माझाच. लोक मला कडक म्हणत. मी कडक नाही. मी नियम वाचते आणि लोक वाचत नाहीत, एवढाच आमच्यातला फरक आहे.

नियम क्रमांक चार मीच लिहिलेला आहे: ‘मांडलेली वस्तू मूळ सामग्रीपासून, संपूर्णपणे, मांडणाऱ्याने स्वतःच्या हातांनी केलेली असावी. पाकिटातील तयार मिश्रण चालणार नाही.’ याच नियमाखाली मागच्या ऑक्टोबरच्या प्रदर्शनात मी एल्वा शुल्ट्झ हिचा चॉकलेट केक बाद केला. एल्वा आणि मी शाळेत एका बाकावर बसत होतो, आणि त्याआधी सलग चौदा वर्षे तिच्या त्या केकला मी पहिल्या क्रमांकाची निळी फीत लावलेली होती; तेव्हा हे काम मी आनंदाने केले असे कोणी समजू नये. पण माणसाने फेटलेल्या केकमध्ये कुठेतरी एखादे चुकार भोक असतेच. हा केक कारखान्यातल्या गादीसारखा सगळीकडून सारखा होता.

“एल्वा, हे पाकीट आहे,” मी म्हणाले.

“हो, पाकीट आहे,” ती म्हणाली. “अंडी मात्र माझ्या कोंबड्यांची आहेत.”

कोंबड्यांचा नियमात उल्लेख नाही. मी तिच्या कार्डावर लाल रेघ ओढली. ती सर्वांसमोर ओढली गेली याला इलाज नव्हता, कारण त्या वेळी सर्वजण तिथेच उभे होते.

त्यानंतर मार्चमध्ये वार्षिक सभा झाली. मी सुधारित नियमावली वाचून दाखवत होते. ती मी घरी टाइप करून छापून आणली होती. एल्वाने हात वर केला.

“नोला, हे सगळं तू छापलंस कशावर?”

“माझ्या संगणकावर.”

“त्याच्या आत ती असते ना, सगळा कारभार चालवणारी, ऑपरेटिंग सिस्टीम? ती तू मूळ सामग्रीपासून केलीस, की पाकिटातून आली?”

सभागृहात हशा पिकला. आमचे शेजारी डग फिंचम एवढे हसले की त्यांच्या नाकातून चहा आला. डग टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि तेव्हापासून जगातील कोणताही विषय त्यांना परका राहिलेला नाही.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “येत्या प्रदर्शनात, वर्ग दोनशे चौदा, ‘इतर कोणतीही हातची वस्तू’, यात मी एक संगणक मांडेन. त्यातली सिस्टीम मी मूळ सामग्रीपासून, स्वतः, केलेली असेल. नियम चारनुसार. तसं झालं नाही, तर माझा पांढरा कोट एल्वाचा.”

“इतिवृत्तात घ्या,” एल्वा म्हणाली.

गाडी माझे यजमान रॉस चालवत होते. रेल्वेचे फाटक ओलांडल्यावर त्यांनी विचारले, “नोला, सिस्टीम म्हणजे काय असतं, तुला माहीत आहे?”

“ऑक्टोबरपर्यंत माहीत होईल,” मी म्हणाले.

ग्रंथालयातील लिएन ही शांत आणि हुशार मुलगी आहे. मी काम सांगितल्यावर ती हसली नाही. रद्द पुस्तकांच्या ढकलगाडीपाशी गेली आणि तळातून एक जाडजूड, तारेने बांधलेले पुस्तक उपसून घेऊन आली.

“नेमकं हेच आहे बघा, मिसेस ट्रेगेन्झा. सिस्टीम घरी कशी बांधायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गेल्या वर्षी कुणीतरी खोकंभर पुस्तकं देऊन गेलं, त्यातलं. पण हे सहा वर्षांपूर्वीचं आहे हं. याची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, ती तुम्ही—”

“लिएन, प्रदर्शनातला फ्रूटकेक कोणत्या पाककृतीनं करतात?”

“ठरलेल्या.”

“त्यात एका मनुकेचे तुकडे किती करायचे?”

“दोन.”

“तीन केले तर?”

“बाद,” लिएन म्हणाली, आणि तिने पुस्तकावर शिक्का मारला.

पुस्तक उत्तम होते. त्याच्या लेखकांना शिस्त होती. सुरुवातीलाच सामग्रीची यादी: चौऱ्याऐंशी गाठोडी आणि वर काही ठिगळे. गाठोडे म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, लिहून ठेवलेल्या मूळ मजकुराची पुरचुंडी. प्रत्येक गाठोडे इंटरनेटवर आपापल्या घरी राहते, तिथे जाऊन ते आणायचे, आणि मग एकेक करून बांधायचे. कोणते गाठोडे, कितवी आवृत्ती, सारे नेमके दिलेले. शिवाय प्रत्येकापुढे बत्तीस अक्षरांचा एक ठसा. आणलेल्या गाठोड्याचा ठसा काढायचा आणि पुस्तकातल्या ठशाशी ताडून पाहायचा. आत एक स्वल्पविराम जरी बदललेला असला तरी ठसा पार वेगळा येतो. केकसाठी असे काही का नाही, असे मला तेव्हा प्रथम वाटले, आणि अजूनही वाटते.

पुस्तकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलने टिपणे केलेली होती. बारीक, तिरक्या अक्षरांत, आणि प्रत्येक सातच्या पोटातून एक आडवी रेघ. दुसऱ्याच्या पुस्तकात लिहिणे मला मान्य नाही, परंतु हे लिहिणारा मनुष्य समंजस होता. ‘इथे घाई करू नये.’ ‘ही आज्ञा दोनदा वाचावी.’ तीन ठिकाणी मी अडकले आणि तिन्ही ठिकाणी त्या पेन्सिलीने मला बाहेर काढले. यादीत सत्तावन्नाव्या ओळीपुढे मात्र निराळेच लिहिले होते: ‘हे फार दिवस मिळणार नाही. जपून ठेवले आहे.’

कोणी ठेवले आहे, कुठे ठेवले आहे, याचा पत्ता नव्हता.

आणि व्हायचे तेच झाले. त्र्याऐंशी गाठोडी मेअखेर जमली. सत्तावन्नावे आपल्या घरी नव्हते. इतर गाठोडी दाबून लहान करणे आणि लागतील तेव्हा पुन्हा फुगवणे एवढेच त्याचे काम. म्हणजे केकमधली बेकिंग पावडर. चिमूटभर लागते, पण तिच्यावाचून सगळे बसते. त्याच्या कर्त्याला त्यात काही दोष सापडला होता, म्हणून त्याने जुनी आवृत्ती उचलून नवी ठेवली होती.

“मग नवं टाका की, नोलाबाई!” कुंपणावर कोपर टेकून डग म्हणाले. “जुन्यात खोट होती म्हणूनच काढलं ना त्यानं?”

“पुस्तकात जुनं सांगितलंय.”

“म्हणजे पुस्तक चुकलं.”

“पुस्तक चुकत नाही, डग. जुनं होतं. तुम्हीही झाला आहात. तुम्हाला कोणी काढून टाकलंय का?”

“खात्यानं टाकलं,” डग म्हणाले, आणि टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेले.

मी कर्त्याला पत्र लिहिले. ‘महोदय, आपण सत्तावन्नावे गाठोडे काढून घेतल्यामुळे एका सार्वजनिक कार्यात अडथळा आला आहे’ अशी त्याची सुरुवात होती. उत्तर तत्काळ आले. त्यात ते रजेवर असल्याचे कळवले होते. परतण्याच्या तारखेला एक वर्ष होऊन गेले होते.

मग अशा बांधकाम करणाऱ्या लोकांची इंटरनेटवर जी चावडी आहे, तिथे मी विचारणा केली. अर्ध्या तासात कोणा एकाचा सल्ला आला: ‘नवीन आवृत्ती घ्या, आजोबा.’ मी आजोबा का वाटले, हे मला कळले नाही. मी चार परिच्छेदांचे उत्तर लिहिले. तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या शुद्धलेखनाचा विचार केला होता. त्यानंतर त्या चावडीवर बराच काळ शांतता होती असे म्हणतात.

एका विद्यापीठाच्या भांडारात जुनी गाठोडी ठेवतात असे कळले. तिथे अर्ज भरावा लागतो आणि अर्जात विद्यार्थी क्रमांक लागतो. मी फोन केला.

“विद्यार्थी क्रमांक नसेल तर अर्ज पुढे जात नाही, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“मी एकोणऐंशी वर्षांची आहे.”

“मग ‘प्रौढ विद्यार्थी’ असा पर्याय आहे बघा, त्यावर टिचकी मारा.”

मी मारली. दोन आठवड्यांनी मला प्रवेशाची माहितीपुस्तिका, वसतिगृहाचे नियम आणि नौकानयन संघात सामील होण्याचे आमंत्रण आले. सोबत भांडाराचा खुलासा होता: जागेअभावी जुना माल दोन वर्षांपूर्वी काढून टाकण्यात आला आहे. नौकानयनाचे आमंत्रण रॉसनी फ्रिजवर लावले. ते अजून तिथेच आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला डग एक पेनड्राइव्ह घेऊन आले. चेहऱ्यावर विजय होता.

“हे घ्या. सत्तावन्नावं. नाव बघा, आवृत्ती बघा. अगदी तुमच्या पुस्तकातलं.”

मी नाव पाहिले. बरोबर होते. मग ठसा काढला. पहिल्या अक्षरापासून चूक.

“डग, हे नवं आहे. तुम्ही नाव बदलून आणलंय.”

“नाव तर तेच झालं ना आता?”

“पाकिटातला केक घरच्या ताटलीत ठेवला म्हणजे घरचा होत नाही.”

“अहो, पण कुणाला कळणार आहे?”

“मला.”

डग तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या संपूर्ण वर्षात मला शांतता अशी ती तेवढीच लाभली.

काम मी थांबवले नव्हते. सत्तावन्नाव्यावाचून जिथवर जाता येत होते तिथवर मी बांधत चालले होते. रॉसचा जुना लॅपटॉप यासाठी घेतला होता. एकेक गाठोडे बांधायला तो सकाळी न्याहारीला बसायचा आणि जेवायच्या वेळेला उठायचा, आणि एवढा तापायचा की त्याच्या बुडाचे रबरी आवरण हाताला चिकटे. तेव्हा मी त्याला खालून वारा लागावा म्हणून केकच्या जाळीवर ठेवू लागले.

“बांधतेयस की भाजतेयस?” रॉसनी विचारले.

विनोद मला समजतो, पण त्याला उत्तर देण्याची माझी पद्धत नाही.

सप्टेंबर उजाडला. प्रदर्शनाला चार आठवडे उरले. आता मी रोज सकाळी कपाटातला पांढरा कोट पाहू लागले. त्याच्या खिशावर माझे नाव मीच भरतकामाने काढलेले होते. ते उसवायला किती वेळ लागेल याचा अंदाज मी एकदा घेतला. वीस मिनिटे. सव्वीस वर्षांना वीस मिनिटे.

नव्या कार्डांची तयारी करायची म्हणून जुन्या कार्डांचे खोके काढले. प्रवेशिकेची सर्व कार्डे मी जपून ठेवते. चाळताना एक कार्ड हातात आले: वर्ग सदतीस, चॉकलेट केक, सौ. एल्वा शुल्ट्झ. बारीक, तिरकी अक्षरे. आणि सदतीसमधल्या सातच्या पोटातून एक आडवी रेघ.

मी पुस्तक आणून शेजारी ठेवले. मग बाकीची तेरा कार्डे शोधली. तेच अक्षर. एल्वाचे अक्षर मी ओळखते; शाळेत मी तिच्याच वहीतून गणिते उतरवत असे. हे तिचे नव्हते. तिची कार्डे तिचे यजमान लिहीत. क्लेम शुल्ट्झ, जे दर गुरुवारी सभागृहाच्या मागच्या खोलीत संगणकाचा वर्ग घेत आणि गेल्या वर्षी मेमध्ये वारले. त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या चहापानाची सँडविचेस मी केली होती. तरी मला हे सुचले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर गावाला नव्हे, पृथ्वीला वळसा घालून नौकानयन संघापर्यंत जाऊन आले होते, आणि वस्तू चार घरांपलीकडे होती.

“फोन कर तिला,” रॉस म्हणाले.

“अशा कामाला फोन करत नाहीत,” मी म्हणाले, आणि हॅट घातली.

एल्वाने दार उघडले. मला पाहून तिला जराही आश्चर्य वाटले नाही.

“आलीस? मार्चपासून वाट बघतेय.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“ती पुस्तकं मीच दिली लायब्ररीला. कोण घेऊन गेलं ते लिएननं दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस का?”

मी बसले. तिने कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. “झाकण तूच उघड. माझ्यानं होत नाही.” तेव्हा मी तिचे हात पाहिले. सांधे आल्याच्या गाठींसारखे झाले होते. सभेत ती हात वर करते ते मी पाहिले होते, पण हात पाहिले नव्हते.

डब्यात सीडी होत्या, प्रत्येकीवर ते तिरके अक्षर; एकीवर सत्तावन्नाव्या गाठोड्याचे नाव होते. “क्लेम म्हणायचा, नवं आलं की लोक जुनं टाकून देतात. कधीतरी कुणालातरी नेमकं जुनंच लागेल. मी म्हणायची, अरे बाबा, असला आडमुठा कोण असणार?” एल्वा म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले.

तिने केक कापला. चॉकलेट. पाकिटातला. तो मी खाल्ला, कारण मी पाहुणी होते.

“खरं सांगू नोला?” ती म्हणाली. “माझी मनगटं केव्हाच गेलीत. चौदा वर्षं लोणी-साखर क्लेमच फेटायचा. मी अंडी फोडायची आणि त्याच्यावर ओरडायची.”

चौदा वर्षे. चौदा निळ्या फिती. नियम चारनुसार चौदाच्या चौदा बाद. लाल पेन माझ्या पर्समध्ये होते. ते मी बाहेर काढले नाही. असे माझ्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

“मग गेल्या वर्षी मांडलासच कशाला?”

“सदतीसच्या टेबलावर आमची नेहमीची जागा रिकामी दिसली असती,” एल्वा म्हणाली. “ते मला बघवलं नसतं.”

मी आणखी एक तुकडा घेतला. केक चांगला होता. हे मी लेखी देणार नाही.

घरी आल्यावर ठसा काढला. रॉस पुस्तकातले एकेक अक्षर वाचत गेले, मी पडद्यावर बोट ठेवत गेले. तिसाव्या अक्षराला त्यांचा आवाज बारीक झाला. बत्तीसच्या बत्तीस जुळली. त्यानंतर तीन आठवडे बांधकाम चालले, आणि प्रदर्शनाच्या पाच दिवस आधी, दुपारच्या चहाला, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ येऊन लुकलुकू लागली.

“एवढंच?” रॉस म्हणाले.

“एवढंच.”

“काय करते ही?”

“माझ्या आज्ञेची वाट बघते.”

“म्हणजे माझ्यासारखीच,” रॉस म्हणाले, आणि त्यांनी किटली चढवली.

आता कार्ड लिहायचे होते. मुख्य परीक्षकाने स्वतःची वस्तू मांडू नये असा नियम नाही. तो लिहिण्याची गरज मला कधी वाटली नव्हती. मी लिहिले: ‘बांधणी माझी. सत्तावन्नावे गाठोडे कै. क्लेम शुल्ट्झ यांनी जपलेले. तीन अवघड ठिकाणी मार्गदर्शन त्यांच्याच पेन्सिलीचे.’

डग मांडणीच्या टेबलाशी येऊन ते वाचून गेले. “एवढं कशाला लिहायचं, नोलाबाई? कुणाला कळणार—”

“डग.”

“बरं बरं.”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कोट घालून वर्ग दोनशे चौदासमोर उभी राहिले. लोकरीचे बदक, बाटलीतले जहाज, आणि माझा संगणक. सभोवार गर्दी होती. यंदाही सर्वजण तिथेच उभे होते, आणि यंदा ते मला योग्यच वाटले. मी कार्ड वाचले, जसे इतरांचे वाचते तसे. संपूर्णपणे? नाही. स्वतःच्याच हातांनी? नाही. मी लाल पेन काढले आणि रेघ ओढली. ‘बाद. नियम चार.’

मग कोट काढला, घडी केली, आणि एल्वाच्या पुढे धरला. खिशावरचे नाव मी आदल्या दिवशीच उसवून ठेवले होते. चाळीस मिनिटे लागली. टाके मी घट्ट घालते.

“नोला, वेड्यासारखं करू नकोस,” ती हळूच म्हणाली.

“इतिवृत्तात आहे. तूच घ्यायला लावलंस.”

तिने माझ्याकडे पाहिले, कोटाकडे पाहिले, आणि तो घातला. बाह्या तिला बोटांपर्यंत आल्या. मनगटे दिसेनाशी झाली. मग तिने नियमावली मागवली, नाकावर चष्मा चढवून ती पहिल्यापासून वाचू लागली, आणि एकोणिसाव्या नियमाशी थांबली. ‘एखादी वस्तू चुकीच्या वर्गात मांडली गेली असल्यास मुख्य परीक्षक ती योग्य वर्गात हलवू शकतात.’ तोही मीच लिहिलेला आहे. एल्वाने माझा संगणक बगलेत मारला आणि वर्ग दोनशे सोळाच्या टेबलावर नेऊन ठेवला: ‘दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेले काम.’ हा वर्ग शाळांसाठी ठेवला होता, आणि अकरा वर्षांत त्यात एकही प्रवेशिका आली नव्हती. कार्डावर तिने दोन नावे लिहिली. तिच्या बोटांना त्याला बराच वेळ लागला. नोला ट्रेगेन्झा. क्लेम शुल्ट्झ.

वस्तू नियमात बसते का हे सर्वांसमोर पाहतात, पण बक्षिसे ठरवताना बाकीच्यांना बाहेर काढतात. सव्वीस वर्षांत मी प्रथमच बाहेर उभी राहिले. बाहेर ऊन फार असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. खिडकीतून एवढे दिसले, की एल्वाने संगणक सुरू केला, त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली, डोळे पुसले, आणि मग संगणक बंद करून, केक उलटतात तसा, अलगद उलटा केला.

जेवणानंतर दारे उघडली. मी सावकाश चालत गेले. घाई दिसता कामा नये. डग आणि रॉस आधीच तिथे होते, आणि दोघेही छताकडे पाहत होते.

टेबलावर एकच वस्तू होती. तिच्यावर लाल फीत होती. लाल म्हणजे दुसरे बक्षीस.

“एकटीच प्रवेशिका, आणि दुसरी आली,” डग म्हणाले. “नोलाबाई, हे तुम्हालाच जमू शकतं.”

मी कार्ड उचलले. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत शेरा होता: ‘बांधणी उत्तम. चव घेता आली नाही. तळावर जाळीचे व्रण. पहिले बक्षीस राखून ठेवले आहे.’

मी संगणक उलटा केला. रबरी आवरणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्याच जाळीच्या समांतर रेघा उमटलेल्या होत्या.

निर्णय अचूक होता. जाळीवर ठेवण्याआधी तिच्यावर घडी घातलेला टॉवेल अंथरावा, हे सव्वीस वर्षे मीच सगळ्यांना सांगत आले आहे.